मदत हवी आहे : 'होन शा झे शो नेन' पक्कं कसं करून घेता?

रेकीची (हातांवाटे ऊर्जा देता येते असं मानणाऱ्या जपानी पद्धतीची) दुसरी पातळी शिकवणाऱ्यांना विचारायचंय. त्यातली 'चो कु रे' आणि 'से हे कि' ही चिन्हं बहुतेकांना पटकन जमतात. घोडं अडतं ते 'होन शा झे शो नेन' या दूरस्थ उपचाराच्या (समोर नसलेल्या माणसासाठीच्या) चिन्हापाशी. पाच कांजी (जपानी लिपीतली चिनी वळणाची) अक्षरं एकात एक गुंफलेली, त्यामुळे मधली एखादी रेघ सुटली की पुढचा क्रमच घसरतो. कागदावर बघून येतं, पण डोळे मिटून हवेत काढताना हात थबकतो. मग लक्ष रुग्णावर न राहता रेघांवरच जातं, आणि तिथे उपचार काय होणार!

पाचही भाग आधी सुटे गिरवून मग जोडायचे, काढून झाल्यावर नाव तीनदा म्हणायचं, एवढं सध्या करून घेतो. याहून चांगली रीत आहे का? शिवाय गुरुपरंपरेनुसार रेघा थोड्या बदलतात. मिश्र वर्गात कुठलं रूप धरता? आणि पाठांतर दीक्षेआधी की नंतर?