बेने इस्राएलवरचा कार्यक्रम कॅम्पसवर करायचा, तर आधी दार कुणाचं ठोठवायचं?

पेणचा_पोहा
अमेरिकेतल्या विद्यापीठांत कुठल्या ना कुठल्या मराठी मंडळाच्या डोक्यात दरवर्षी येतं, की ज्यू विद्यार्थ्यांबरोबर बेने इस्राएल या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजावर एक संध्याकाळ करू. सामग्रीला तोटा नाही. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटल्याची कथा, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, मुंबईतलं १७९६ चं सिनेगॉग (ज्यू प्रार्थनागृह), दिवेकर-पेणकर-किहीमकर ही आडनावं. मग पोस्टरवर नऊ संस्थांची बोधचिन्हं येतात आणि खोलीत मोजून चौदा डोकी.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्याकडे किल्ली आणि स्वयंपाकघर आहे त्याच्याकडे आधी जा, म्हणजे हिलेलकडे. १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेली ही ज्यू विद्यार्थ्यांची संस्था आज बहुतेक मोठ्या कॅम्पसांवर आहे. पगारी माणसं असतात, शुक्रवारचं जेवण ठरलेलं असतं, पुष्कळ ठिकाणी कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारं, स्वयंपाकघर असतं. जाताना एका कागदावर तीनच गोष्टी न्या: दोन पर्यायी तारखा, माणसांचा अंदाज, आणि त्यांच्याकडून नेमकं काय हवं ते. "तुमचा पाठिंबा हवाय" म्हटलं की गोड "हो" मिळतं, खोली मिळत नाही. निदान आठ आठवडे हातात ठेवा. रोश हशाना ते सुक्कोत या सणांच्या दिवसांत (सप्टेंबर-ऑक्टोबर) तिथल्या कुणाला मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा ईमेलसुद्धा करू नका.

शाई
साफ असहमत. हिलेलच्या इमारतीत कार्यक्रम ठेवला की बाकीच्या कॅम्पसला तो घरगुती वाटतो. ज्यू नसलेला मुलगा दारावरची पाटी बघून परत फिरतो.

आधी ग्रंथालय, मग विभाग. ज्यू अध्ययन विभागाचा अभ्यासक्रम बहुधा युरोपभोवती फिरतो, दक्षिण आशिया विभागात ज्यू सहसा येतच नाहीत. बेने इस्राएल या दोघांच्या मधल्या फटीत पडलेत, म्हणून दोन्हीकडे विषय नवा वाटतो आणि दोन्हीकडून होकार येतो. दोन्ही संग्रहांच्या ग्रंथपालांना एकाच ईमेलमध्ये लिहा. वेगवेगळं लिहिलंत तर प्रत्येकाला वाटतं की हे काम दुसऱ्याचं.

मागायचं काय? पुण्यात १८७४ मध्ये छापलेली हग्गादा, पेसाह या ज्यू सणाच्या रात्री वाचतात ते पुस्तक. हिब्रूबरोबर मराठी, आणि चित्रांत नेसूच्या साडीतल्या बाया जमिनीवर बसून मात्झा (त्या सणाची बिनखमिराची भाकरी) करतायत. मूळ प्रत नसली तरी प्रतिमुद्रित आवृत्ती पुष्कळ ग्रंथालयांतून मागवता येते. फक्त रोमन लिपीतल्या सूचीत 'हग्गादा' हा शब्द तीन-चार तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एका शोधात काही मिळालं नाही म्हणून उठू नका, 'पूना' आणि साल टाकून पाहा.

आता गंमत बघा. त्या पानावरचं हिब्रू ज्यू मुलं वाचतात, मराठी फक्त तुम्ही. दोघांनी आळीपाळीनं एकच पान मोठ्यानं वाचायचं. भागीदारी म्हणतात ती ही, बोधचिन्हं नव्हेत. प्रती काढताना एक चूक हमखास होते. हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं, झेरॉक्सवाला डावीकडे टाचतो, आणि शेवटचं पान पहिलं होतं. टाचणी उजव्या कडेला, हे लिहूनच द्या.

उलट_टपाल
दोघंही पैशांवर बोलत नाही आहात. हिलेल पुष्कळ ठिकाणी विद्यापीठाचा भागच नसतं, स्वतंत्र ना-नफा संस्था असते. विद्यार्थी शुल्कातला निधी तिला थेट जात नाही. अर्ज मान्यताप्राप्त विद्यार्थी संघटनेनंच करायचा, मग ती हिलेलशी जोडलेली विद्यार्थी संघटना असो नाहीतर मराठी मंडळ. अर्जदार एकच ठेवा, बाकीच्यांनी पत्र द्यावं. दोन संघटनांनी एकाच जेवणासाठी वेगवेगळे अर्ज टाकले की निधी समिती दोन्ही अडकवते.

"धार्मिक आहे, पैसे मिळणार नाहीत" हे कुणी ऐकवलं तर घाबरू नका. सरकारी विद्यापीठांबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत, १९९५ चा रोझेनबर्गर आणि २००० चा साउथवर्थ. विद्यार्थी शुल्काचा निधी वाटताना मतांवरून भेदभाव करता येत नाही, असं त्यांचं सार. खासगी विद्यापीठांना हे लागू नाही, तिथे त्यांचे स्वतःचे नियम वाचावे लागतात. विभागांकडून वक्त्याचं मानधन मिळू शकतं. जेवणाचा खर्च मात्र बहुधा मिळत नाही, म्हणून 'आधी विभाग'वाल्यांनी भात कोण देणार तेही सांगावं.

गवती_चहा
शुक्रवारचं जेवण, शुक्रवारचं जेवण! शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताआधी सुरू होतो, मेणबत्त्या साधारण १८ मिनिटं आधी लागतात. बोस्टनमध्ये डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सव्वाचारच्या आत मावळतो. म्हणजे पावणेचारपर्यंत सगळी मांडामांड झालेली हवी, आणि तोवर तुमची मुलं वर्गात. त्यानंतर शब्बाथ पाळणाऱ्या मुलांना फोन नाही, लिहिणं नाही, पैसे नाहीत. पडद्यावरची चित्रं गेली, हजेरीचा क्यूआर कोड गेला, फोटो गेले. आणि निधी समितीला हजेरी हवी असते! व्याख्यान गुरुवारी संध्याकाळी घ्या. हिवाळ्यात शनिवारी सातचा कार्यक्रमही जमतो, कारण शब्बाथ सव्वापाचच्या सुमारास संपतो. एप्रिलअखेर तोच शनिवार कामाचा नाही, तिथे साडेआठ उलटतात.

पेणचा_पोहा
पडद्याचं मान्य, शुक्रवार सोडायचं मान्य नाही. व्याख्यानाला पंधरा माणसं येतात, जेवणाला माणसं आधीच बसलेली असतात. हजेरीचा तोडगा आहे: नोंदणी बुधवारपर्यंत, नावांची छापील कार्डं दारात एका खोक्यात. येणारा आपलं कार्ड उचलून दुसऱ्या खोक्यात टाकतो. लिहायचं काही नाही. रविवारी खोकं मोजा. वक्त्यानं दहा मिनिटं तोंडी बोलावं, चित्रांचे मोठे छापील फलक भिंतीवर दुपारीच लावून ठेवावेत. आणि पानात मलिदा, बेने इस्राएलांचे गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे, असला की कुणी उठून जात नाही.

खोबरेल
इथेच माझी हरकत आहे. मलिदा ही चवीपुरती वाटायची वस्तू नाही. एलियाहू हन्नाबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावानं, नवस फेडताना, लग्नकार्यात, आभार मानायला करायचा तो विधी. पोहे-गूळ-खोबऱ्याच्या ताटाभोवती फळं मांडून त्यांवर आणि सुवासावर आशीर्वचनं म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा टापा, म्हणजे त्याच्या येण्याची खूण मानलेला खडक, आहे, लोक तिथे नवसाला जातात. हिलेलमधल्या माणसांनी बहुधा हे कधी पाहिलेलं नसतं, कारण ती प्रामुख्याने अश्केनाझी, म्हणजे युरोपीय ज्यू, परंपरेतली. त्यांचा होकार म्हणजे बेने इस्राएलांचा होकार नव्हे. शहरात बेने इस्राएल कुटुंबं असतील तर पहिलं दार त्यांचं. विचारायचं ते एवढंच: विधी करायचा की नुसता पदार्थ ठेवायचा, आणि विधी असेल तर म्हणणार कोण. 'फ्यूजन मलिदा काउंटर' कृपा करून नको.

तारखेचं म्हणाल तर 'तू बिश्वात' घ्या, ज्यूंचा झाडांचा सण, जानेवारी-फेब्रुवारीत येतो. बेने इस्राएल त्याचं नातं एलियाहू हन्नाबीशी जोडतात, आणि फळं तशीही मध्यात असतात. पर्यावरणवाली विद्यार्थी संघटना आपणहून येते. पेसाहच्या आठवड्यात मात्र पोह्यांचं नावही काढू नका. अश्केनाझी परंपरेत त्या दिवसांत तांदूळ खात नाहीत, त्यांचं स्वयंपाकघर तो आत घेणार नाही.

शाई
खोबरेल यांचा मुद्दा मी विसरलो होतो. पण हिलेलबद्दल आणखी एक. इस्राएलच्या बाबतीत कुणाबरोबर कार्यक्रम करायचा, याचे हिलेल इंटरनॅशनलचे लेखी निकष आहेत. इस्राएलवर बहिष्काराचं समर्थन करणाऱ्या संस्थांना आणि वक्त्यांना ते जागा देत नाहीत. विद्यार्थ्यांतूनच त्याला विरोध झाला, स्वार्थमोर कॉलेजच्या हिलेल गटानं २०१३ मध्ये हे निकष पाळणार नाही असं जाहीर केलं. सहआयोजकांची यादी आधी दाखवा, नाहीतर पोस्टर छापल्यावर एक नाव गाळावं लागतं. १९६० च्या दशकात इस्राएलमध्ये बेने इस्राएलांच्या विवाहांवर धर्मगुरूंनी घेतलेली शंका आणि ते पूर्णपणे ज्यूच आहेत असं सांगणारा क्नेसेटचा (तिथल्या संसदेचा) १९६४ चा ठराव, हा विषय घेतलात तर तो विभागाच्या सभागृहातच मोकळेपणानं बोलता येतो.

पेणचा_पोहा
वादाचा विषय विभागात घ्या, कबूल. आधी समाजाला विचारा, तेही कबूल. पण मलिदा करायचा कुठे? घरून डबा भरून नेलात तर कोशेर पाळणारा मुलगा हात लावणार नाही, डबा कितीही शाकाहारी असो. शाकाहारी म्हणजे कोशेर नव्हे. म्हणून पुन्हा स्वयंपाकघर.

चाळीस जणांना: पोहे १ किलो, गूळ अर्धा किलो, नारळ ३, वेलची-जायफळ. पोहे धुऊन चाळणीत दहा मिनिटं निथळा, पाण्यात ठेवलेत तर गोळा होतो. तूप नको. तुपानं तो दुधाचा पदार्थ होतो आणि कोशेर नियमांत मांसाच्या जेवणाबरोबर चालत नाही. तुपाशिवाय तो 'पारवे', दोन्हीकडे चालणारा. शिजवायचा नसल्यामुळे शिजवण्याचे नियम आड येत नाहीत, तिथला मशगियाख म्हणजे देखरेखवाला लवकर हो म्हणतो. पोह्यांच्या आणि गुळाच्या पाकिटांचे फोटो आठवडाभर आधी त्याला पाठवा. काही ठिकाणी साधं पाकीट चालतं, काही ठिकाणी कोशेरचा शिक्का लागतोच.

गवती_चहा
आणि नारळ तिथेच फोडा, तिथल्याच सुरीनं. घरची विळी-खवणी दारातच अडवतील, तिनं घरी काय काय कापलंय त्याचा हिशेब कोण देणार? नवी कोरी खवणी पाकिटासकट न्या, पाकीट मशगियाखसमोर फोडा. जाताना परत मागू नका, ती त्यांच्याकडेच राहू द्या. पुढच्या वर्षीच्या मुलांना लागेल.