पावणेसातशे वर्षांचं लाकडी घर उभं आहे, मग आमचे खांब का कुजतायत?

देवगडचा_पोर: चुलतभाऊ जर्मनीत असतो, त्याने क्वेडलिनबुर्ग गावातले फोटो पाठवलेत. तिथे वोर्डगासे नावाच्या गल्लीत लाकडी सांगाड्याचं एक घर आहे, १३४७च्या आसपासचं, अजून उभं, आत म्युझियम केलंय! इकडे आमचं घर पणजोबांनी बांधलेलं, ओटी-पडवी चिऱ्याची, मागची बाजू कुडाची आणि खांब फणसाचे. त्यातले दोन खालून भुसभुशीत झालेत, स्क्रूड्रायव्हर बोटभर आत जातो. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कुडावरच जाळी मारून सिमेंटचं प्लास्टर करू, मग बघायला नको. घर पाडायचं नाहीये. तिकडच्यांनी काय केलं कोणाला माहितीये का?

खांबतुळई: ते घर मी बघितलंय, समोर उभं राहिलं की आधी खांब दिसतात, जमिनीपासून थेट छपरापर्यंत एकसंध. नंतरच्या काळात एकेका मजल्याचा सांगाडा वेगळा करायला लागले आणि वरचा मजला रस्त्यावर थोडा पुढे काढायला लागले, हे त्याच्या आधीचं. ओक लाकूड ओलं असतानाच कापायचे, एकाला खाच दुसऱ्याला कुसू (खाचेत बसणारं टोक), आरपार लाकडी खुंटी, लाकूड वाळलं की सांधा आणखी आवळतो. सगळा भार सांगाड्यावर, भिंत म्हणजे नुसतं भरण, काटक्या विणून त्यावर माती न् पेंढा. म्हणजे तुमचा कूडच की! भरण खराब झालं तर तेवढंच बदलायचं, खांबाला हात लावायचा नाही.

चुना_माती: सिमेंट अजिबात नको, कळकळीने सांगतोय. विसाव्या शतकात युरोपातही अशा घरांवर सिमेंट थापलं आणि त्यातच बरीच लाकडं गेली. सिमेंट कडक, लाकूड पावसाळ्यात फुगतं उन्हाळ्यात आकसतं, दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, तिथून पाणी आत जातं पण बाहेर पडायला वाट नाही, मग आतल्या आत कुजत राहतं आणि बाहेरून भिंत छान दिसते. आता तिकडे ते खरवडून परत माती आणि चुना लावतात.

देवगडचा_पोर: बापरे, बरं झालं विचारलं. पण कुजलेले खांब अख्खे बदलावे लागतील का?

खांबतुळई: नाही हो. तिकडे पण खालचा कुजलेला भागच कापतात आणि तिरका सांधा करून नवीन लाकूड जोडतात. तुळईला आधी दोन्ही बाजूंनी टेकू द्या, मग खांब चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा, जुना जाणता सुतार बघा, फर्निचरवाला नको. नवीन पाय जमिनीत पुरू नका, घडीव दगडावर बसवा.

चुना_माती: एक फरक लक्षात घ्या, क्वेडलिनबुर्ग हार्ट्झ डोंगराच्या पर्जन्यछायेत आहे, वर्षाला जेमतेम ५०० मिमीच्या आसपास पाऊस, आपल्या रत्नागिरीला ३०००च्या वर. शिवाय वाळवी. त्यामुळे आपल्याकडे छप्पर पुढे काढलेलंच हवं. मागच्या पागोळ्या कुठे पडतात ते आधी बघा, जोत्याला लागून पडत असतील तर वासे वाढवून कौलांची एक ओळ पुढे घ्या आणि पाण्याला उतार काढून द्या, खांबाचं काम त्यानंतर. फोटो टाका, पागोळीची रेघ दिसेल असा.