सीव्हीटी ‘गेलाय’ म्हणतात: पुरावा मागायचा की असेंब्ली बदलून मोकळं व्हायचं?

घाटमाथा:
थोरल्या भावाची सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) सेडान आहे, ९४,००० किमी चाललेली. ३०-४० च्या वेगात गाडी थरथरते. खंबाटकी चढताना आरपीएमचा काटा साडेतीन हजारांवर जातो, इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी रांगायला लागते. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी एक चक्कर मारली आणि एस्टिमेट हातात ठेवलं: सीव्हीटी असेंब्ली, म्हणजे अख्खा गिअरबॉक्सच बदला, सव्वादोन लाख. स्कॅनरमध्ये बिघाडाचे कोड कोणते आले, ऑइलचं चेंबर उघडलं का, असं विचारलं तर ‘सर, सीव्हीटीत रिपेअर होत नाही’ एवढंच उत्तर. आज गाडी विकायला काढली तर साडेचार लाख आले तरी खूप.

माझं मत: तपासणीचा कागद हातात पडल्याशिवाय असेंब्लीला हो म्हणूच नये. सीव्हीटीत दोन शंकूच्या पुल्या आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्टा असतो. ऑइलचा दाब पुल्यांना आवळून धरतो, म्हणून पट्टा घसरत नाही. हा दाब कमी पडला की पट्टा झिजल्यावर दिसतात तीच लक्षणं दिसतात. आणि दाब कमी पडायला चुकीचं किंवा जळकं ऑइल, तुंबलेला फिल्टर, अडकलेला सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह), बिघडलेली व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब वाटून देणारा भाग), काहीही पुरतं. यातलं कुठलंच काम सव्वादोन लाखांचं नाही. थरथर तर गिअरबॉक्सची नसूही शकते. इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारी) मिसफायर करत, म्हणजे ठिणगी चुकवत असली की कमी आरपीएमवर लोड आल्यावर गाडी अगदी अशीच हादरते.

स्पॅनर_सांगली:
दादा, राग समजतो. माझं गॅरेज आहे, ऑटोमॅटिकची कामं जास्त येतात, आणि याची दुसरी बाजू मी रोज बघतो. लोक आधी ऑइल बदलतात, मग सोलेनॉइड, मग व्हॉल्व्ह बॉडी. दर वेळी काही दिवस बरं वाटतं. शेवटी असेंब्ली बदलावीच लागते आणि तोवर साठ-सत्तर हजार गेलेले असतात.

कारण सांगतो. पट्टा एकदा घसरला की पुलीच्या गुळगुळीत तोंडावर ओरखडे पडतात. त्यातून पोलादाचा कीस सुटतो, ऑइलबरोबर व्हॉल्व्ह बॉडीत जातो, तिथे व्हॉल्व्ह अडकतो आणि दाब आणखी पडतो. मग पट्टा आणखी घसरतो. अशा गिअरबॉक्सवर नवी व्हॉल्व्ह बॉडी बसवली तर तिच्यातही तोच कीस जाणार. चढावर इंजिन ओरडतंय आणि गाडी ओढत नाही, शिवाय ९४,००० पर्यंत ऑइल बदललेलं नसेल, तर मीही असेंब्लीच सांगेन. पट्टा आणि पुल्यांचा संच सुटा मिळणं मुश्कील, आणि रस्त्याकडेच्या शेडमध्ये धुळीत हे उघडणं तर नकोच.

घाटमाथा:
ऑइल बदललं होतं का याची नोंदच नाही, गाडी सेकंड हँड घेतली होती. पण ‘नसेल तर’ एवढ्यावर सव्वादोन लाख कसे घालायचे? घसरण मोजता येते की. दोन्ही पुल्यांचे फेरे स्कॅनरच्या लाइव्ह डेटात दिसतात. कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाबही दिसतो. थरथर सुरू असताना डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा. बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेच टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्समधला ऑइलवर चालणारा जोड) लॉकअप, म्हणजे तो जोड घट्ट करणारा क्लच, सुटतं. थरथर तिथेच थांबली तर संशय पट्ट्यावर नाही, लॉकअप क्लचवर. रिकामा रस्ता, शेजारी स्कॅनर घेऊन बसलेला माणूस, अर्ध्या तासाचं काम आहे. एवढंही न करता असेंब्ली लिहून देणं मला मान्य नाही.

एडिसनकर:
इकडे अमेरिकेत निस्सानच्या सीव्हीटींवरून इतकी ओरड झाली की कंपनीने २००३ ते २०१० च्या मॉडेलांची सीव्हीटी वॉरंटी ५ वर्षे/६०,००० मैलांवरून १० वर्षे/१,२०,००० मैलांवर नेली. थरथरीबद्दल पुढे डीलरना ज्या सूचना गेल्या, त्यात काही मॉडेलांसाठी सरळ कोडवरून निर्णय होता. पी१७एफ० आला तर असेंब्ली बदला. पी१७एफ१ आला तर आत कॅमेरा घालून पट्टा बघा, घसरल्याच्या खुणा नसतील तर फक्त व्हॉल्व्ह बॉडी. म्हणजे ‘सीव्हीटीत रिपेअर होत नाही’ हे सरसकट वाक्य खुद्द बनवणाराही म्हणत नाही. अर्थात, पहिला कोड आल्यावर बनवणाराच असेंब्ली सांगतो, हेही खरं.

कुर्लेकर:
दोघंही नव्या असेंब्लीवरच का अडलात? आमच्या कुर्ल्यात सीएसटी रोडला जुन्या पार्ट्सच्या दुकानांत अपघाती गाड्यांचे गिअरबॉक्स निघतात, निम्म्याहून कमी पैशांत. मागून धडक बसलेल्या, कमी चाललेल्या गाडीचा बघून घ्या.

स्पॅनर_सांगली:
आणि त्याची वॉरंटी कोण देणार? बाहेरून सगळे सारखेच दिसतात. नाव एक, मॉडेल एक, पण वर्ष बदललं की आतलं रेशो आणि प्रोग्रॅम वेगळा असू शकतो. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह बॉडीचा कॅलिब्रेशन डेटा गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये लिहावा लागतो. तो न लिहिता बसवलं तर चांगला गिअरबॉक्सही धक्के मारतो. घ्यायचाच असेल तर समोर चेंबर उघडून दाखवा म्हणावं. दुकानदार नाही म्हणाला तर तिथून निघा.

नीट_चालवा:
मी असते तर आहे तशी विकून टाकली असती. साडेचार लाखांच्या गाडीत सव्वादोन लाख घालण्यात अर्थ नाही.

घाटमाथा:
दोष सांगून विकली तर दीड-दोन लाखही कोणी देणार नाही. न सांगता विकायची तर घाटात बंद पडणारी गाडी दुसऱ्याच्या कुटुंबाच्या गळ्यात घालायची. ते आमच्याच्याने होणार नाही.

स्पॅनर_सांगली:
बरोबर. मग असं करा. चेंबर उघडताना भावाला समोर उभं राहू द्या. आत लोहचुंबक असतात. त्यांच्यावर करडी, मऊ, बोटाला शाईसारखी लागणारी पेस्ट असेल तर ती सामान्य झीज. बोटात टोचणारे चकाकते कण किंवा पापुद्रे दिसले तर मी वर सांगितलं तेच, असेंब्ली. पेस्टच निघाली तर नवा फिल्टर आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच सीव्हीटी ऑइल टाका, साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) अजिबात नको, त्यावर पट्ट्याची पकड राहत नाही. मग दाबाचे आकडे परत घ्या. माझा अंदाज अजूनही असेंब्लीचाच आहे.

आणि तशी वेळ आलीच तर जॉब कार्डवर तीन गोष्टी लिहून घ्या: ऑइल कूलर नवा किंवा पाइपांसकट धुतलेला, कॅलिब्रेशन केलेलं, आणि ऑइलची पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानाला तपासलेली. जुन्या कूलरमध्ये अडकलेला कीस नव्या गिअरबॉक्समध्ये गेला की पुन्हा हीच तक्रार, आणि तेव्हा सर्व्हिस सेंटर वॉरंटी नाकारायला मोकळं.

घाटमाथा:
चेंबर उघडायची वेळ शनिवार सकाळची ठरवली आहे, भाऊ आणि मी दोघंही जाणार. चुंबकांचे फोटो इथेच टाकतो. कण निघाले तर असेंब्लीबद्दल माझी तक्रार नाही. स्कॅन न करता दिलेल्या एस्टिमेटबद्दलची तक्रार मात्र तेव्हाही तशीच राहील.