गंजिफा रंगवणारे हात 'शोभेला' बसवलेत म्हणणाऱ्यांसाठी

आंबोलीचा_पाऊस
परवा कोरा_कॅनव्हास यांनी इथे लिहिलं, "सावंतवाडीच्या राजवाड्यात बसून गंजिफा रंगवणारे कलाकार ही पर्यटकांना दाखवायची शोभा झाली आहे. कला वाड्याबाहेर पडली तरच जगेल." गंजिफा म्हणजे खेळायचे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दोन दिवस हे डोक्यातून जात नाही, म्हणून वेगळा धागा.

अहो, कला वाड्याबाहेरच होती! गावातल्या चितार आळीत, रंगकाम करणाऱ्या चिताऱ्यांच्या वस्तीत होती, आणि तिथेच शेवटच्या घटका मोजत होती. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर हाताने रंगवलेला १२० पानांचा दशावतारी संच (विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं) घेणार कोण? १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारींकडून ही विद्या आधी स्वतः शिकून घेतली, मग इतरांना शिकवली. आणि बसायला जागा दिली ती थेट दरबार हॉलमध्ये, मागच्या पडवीत नव्हे. संस्थानिकांचं मला कौतुक नाही. पण हे त्यांनी केलं, आणि ते नसतं केलं तर आज वाद घालायलाही काही उरलं नसतं.

कोरा_कॅनव्हास
माझं अर्धंच वाक्य उचललंत. वाचवलं नाही असं मी कुठे म्हटलं? माझा प्रश्न पन्नास वर्षांनंतरचा आहे. कलाकाराला वाड्यात जागा द्यायची तर सोबत मोकळीकही हवी. तोच मत्स्य, तोच वराह, तीच काठाची नक्षी किती पिढ्या गिरवायची? वर्षातून एकदा नव्या कामाचं प्रदर्शन भरवा, बाहेरचे चित्रकार दोन-तीन महिने राहायला बोलवा, त्यांना या कलाकारांशेजारी बसवा.

आणि नावाचं काय? मी एका दुकानासाठी दोन वर्षं लाकडी वस्तू रंगवल्या. एकीवरही माझी सही नाही. मालक म्हणाला, "गिऱ्हाईक वस्तू घेतं, तुला नाही." ते अजून विसरलेलो नाही.

चितारआळीची_लेक
तुमका सगळां सोपां दिसतां. गिरवणं म्हणे! कापडाला चिंचोक्याची खळ लावा, वाळवा, घोटा, गोल कापा, पानाची जमीन म्हणजे मागचा रंग द्या, त्यानंतर कुठे पहिली रेघ. वर लाखेचा हात. रुपयाएवढ्या जागेत नृसिंह बसवायचा आणि त्याचा राग दिसला पाहिजे. माझ्या आईची रेघ मी शंभर पानांत ओळखीन. नवीन नाही म्हणजे काय? दर पान नवीनच असतं.

तुम्ही शहरातून येऊन तीन महिने राहाल, फोटो काढाल, परत जाल. पांगाऱ्याचं लाकूड मिळेना म्हणून आमच्या घरातली फळं-भाज्यांची खेळणी बंद पडली, तेव्हा कोण आलं होतं राहायला?

कोरा_कॅनव्हास
खेळण्यांचा इथे काय संबंध?

चितारआळीची_लेक
संबंध नाही? तेच हात, तीच लाख, तीच आळी! तुम्हाला राजवाडा तेवढा दिसतो.

नातू_सदाशिव
दोघांचंही चुकतंय. गंजिफा हे चित्रच नाही, खेळ आहे! भिंतीवर लावलात की मेला. आमचे आजोबा घरच्या वाड्याच्या माडीवर खेळायचे. तिघांत चाळीस-चाळीस पानं, हुकूम नाही, पडलेलं प्रत्येक पान लक्षात ठेवायचं. राजा-प्रधानाखाली पाच रंगांत दश्शी मोठी, पाचांत एक्का मोठा. दिवसा डाव रामाच्या राजाने उघडायचा, रात्री कृष्णाच्या. दिवेलागणीला डाव पडला की भांडण ठरलेलं. आजीने एकदा रागाने आख्खा डबा माळ्यावर टाकला, तर आजोबा तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

आंबोलीचा_पाऊस
आजोबांचं ऐकायला छान वाटलं, पण आज खेळणार कोण? १२० पानं लक्षात ठेवायला वेळ कुणाकडे आहे?

नातू_सदाशिव
ब्रिज खेळायला वेळ आहे ना? बुद्धिबळाच्या शिकवण्या लावता ना पोरांना? आपलं म्हटलं की वेळ नसतो! खेळणारे असतील तर पानं झिजतील, झिजली तर नवी लागतील, तेव्हाच रंगवणाऱ्याला काम मिळेल. तुमची प्रदर्शनं घेऊन काय करायचंय?

कोरा_कॅनव्हास
आवाज चढवू नका. मी पान हातात घेऊच नका असं म्हटलेलं नाही.

आंबोलीचा_पाऊस
सहीच्या बाबतीत मात्र कोरा_कॅनव्हास यांचं मला मान्य करावं लागतंय. आवडलं नाही तरी. रंगवणाऱ्याचं नाव प्रत्येक संचावर हवंच, कुठल्याही दुकानात. 'शोभा' हा शब्द तरी आता मागे घ्या.

कोरा_कॅनव्हास
शब्द मागे घेतो. प्रदर्शनाचा आग्रह नाही सोडत. आणि काकांचा मुद्दा मला सुचला नव्हता, हेही खरं.

नातू_सदाशिव
काका कोण? असो. तो डबा माझ्याकडे आहे. ११७ पानं आहेत. वराहाची पंजी, सत्ती आणि वामनाचा प्रधान हरवलाय. तेवढ्यासाठी खेळता येत नाही.

चितारआळीची_लेक
डबा घेऊन या. जुनी पानं समोर ठेवून त्याच हाताची तीन पानं करता येतील. यालाच वर कुणीतरी गिरवणं म्हणालं होतं.

नातू_सदाशिव
मे महिन्यात येतो. पानांच्या मागे रंगवणाऱ्याचं नाव घालून घेईन.

चितारआळीची_लेक
मागे कसं चालेल? हातातलं पान समोरच्याला ओळखू येईल. पुढे, काठाच्या आत घालू.