कामावर अपघात: रुजू झाल्यावर ईएसआयचे पैसे आणि कर?

प्रश्न: भाऊ चाकणला कारखान्यात प्रेस मशीनवर आहे, पगार १८,००० रुपये. बोटाला दुखापत झाली, सध्या ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) रजेवर आहे. पुढच्या आठवड्यात रुजू झाला तर मिळणारे पैसे थांबतील का? बोट पूर्ण वळत नाही. कर लागेल का?

उत्तर १: ताई, तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी रोजंदारीच्या ९०% असतो, रोज ६०० धरले तर ५४०. काम करून पगार घेतला त्या दिवसांचा मिळत नाही. रुजू होण्याआधी ईएसआयच्या दवाखान्यातून अंतिम प्रमाणपत्र, म्हणजे कामावर जायला फिट असल्याचा दाखला, घ्याच. ते न घेता हजेरी लागली, तर त्याच तारखांचा पगार आणि लाभ दोन्ही दिसतात आणि दावा अडकतो. कारखान्याने अपघात अहवाल, म्हणजे फॉर्म १२, भरलाय का तेही आजच विचारा.

उत्तर २: बोटाचं सोडू नका! वैद्यकीय मंडळासमोर तपासणीसाठी ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज करा. कमाईची क्षमता कायमची घटल्याचं ठरलं, तर त्या टक्क्यांप्रमाणे कायम अपंगत्वाचा लाभ मिळतो. तो नोकरी करतानाही चालू राहतो. पुष्कळ जण कामावर गेलो म्हणजे हक्क संपला असं समजून अर्जच करत नाहीत.

उत्तर ३: एवढ्या पगारावर आयकर बसत नाही. अपंग व्यक्तीला करपात्र उत्पन्नातून मिळणारी ७५,००० रुपयांची वजावट (१९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ८०यू) किमान ४०% अपंगत्वाला आणि फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, त्यामुळे इथे तिच्यामागे धावू नका. मंडळाचा अर्ज आधी.