मदत हवी आहे: नवीन पीसी चालू होऊन लगेच बंद पडतोय (अर्जंट!!)

गणोबा_नाशिक:
नवीन पीसी जोडलाय. बटण दाबलं की चालू होतो आणि लगेच बंद. वायरी सगळ्या नीट बसल्यात, त्यामुळे "वायरी बघा" हे कृपया कोणी सांगू नका. सोमवारपासून घरून काम आहे आणि जुना पीसी भाऊ घेऊन गेला. काय असेल?

तिरकस_तात्या:
एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. डोळे झाकून बदला.

सोल्डर_सावंत:
तात्या, पार्ट कोणते ते तरी विचारा. गणोबा, प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस किती वॅटचा, ग्राफिक कार्ड आहे का, सगळं लिहा. आणि "लगेच" म्हणजे किती? पंखा अर्धा गरका मारून थांबतो की थोडा वेळ फिरतो?

मिंटवाला:
पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून बूट करून बघा. विंडोजची कटकटच नको.

मनवा_के:
अहो, पडद्यावर अक्षर उमटायच्या आत बंद पडतोय तो. मिंट कुठे टाकणार, चहात?

गणोबा_नाशिक:
रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, डीडीआर५ रॅम १६ जीबीच्या दोन, एसएमपीएस ६५० वॅट. कार्ड नाही, नंतर घेणार. मॉनिटर काळाच. पंखा थोडा वेळ फिरतो. अजून काय सांगू?

तिरकस_तात्या:
६५० फक्त! ८५० घ्या. आणि कार्ड नाही तर डिस्प्ले येणार कुठून?

सोल्डर_सावंत:
७६०० चा टीडीपी, म्हणजे साधारण वीजखर्चाचा आकडा, ६५ वॅट आहे तात्या. कार्ड नसताना ६५० म्हणजे चैन आहे. ग्राफिक्सही त्याच्या पोटातच असतं. ग्राफिक्स नसलेला ७५००एफ घेतला असता तर तुमचं बरोबर होतं.
गणोबा, प्रोसेसरची आठ पिनांची वायर, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली, लावलीय ना? ती ४+४ अशी फुटते. ६+२ वाली ग्राफिक कार्डाची, ती वेगळी.

गणोबा_नाशिक:
वायरी नका सांगू म्हटलं होतं. ४+४ च आहे.

जुनं_खोड:
अर्थिंग तपासा. आमच्याकडे कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. वायरमनने तिसरी पिन नीट जोडून दिली, तेव्हापासून त्रास नाही. हल्लीच्या बिल्डरांच्या वायरिंगबद्दल न बोललेलं बरं.

मनवा_के:
काका, अर्थिंग हवंच, पण ते नाही म्हणून पीसी असा बंद नाही पडत.
मला रॅमची शंका येतेय. डीडीआर५ पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्यात काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. एकच रॅम लावा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत, आणि हात न लावता थांबा.

सोल्डर_सावंत:
थांबणार कसा? तो आपोआप बंद होतोय. गणोबा, मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि सेकंद सांगा. दर वेळी तेवढेच का, हेही बघा. कुठे शॉर्ट असेल तर एसएमपीएस क्षणात बंद पडतो. कूलर नीट टेकला नसेल, खालची प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहिली असेल, तर प्रोसेसर तापून बंद होईल, पण मग लगेच पुन्हा चालू केल्यावर आणखी लवकर.

पेठेतला_पक्या:
पार्ट कुठून घेतले? पुण्यात तापकीर गल्लीत ओळखीचं दुकान असेल तर समोर जोडून, चालवून देतात. ऑनलाइनवाल्यांना हेच भोगावं लागतं.

लॅमिंग्टनकर:
मुंबईत लॅमिंग्टन रोडला भाव करता आला पाहिजे फक्त. तापकीर गल्लीत रॅम महाग.

पेठेतला_पक्या:
कधीचे भाव सांगताय?

गणोबा_नाशिक:
दर वेळी चार-साडेचार सेकंद. गार असो, लगेच परत लावो, फरक नाही.

सोल्डर_सावंत:
मग कॅबिनेटचं बटण. चालू-बंदचं बटण सुमारे चार सेकंद दाबून धरलं की बोर्ड सक्तीने बंद करतो. तुमचं बटण आत अडकून राहत असणार. बोर्डावरून पॉवर स्विचची बारीक दोन तारांची जोडणी काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. शेजारच्या पिनांना नको.

तिरकस_तात्या:
स्क्रू ड्रायव्हर आणि नवीन बोर्ड! बोर्ड गेला तर भरपाई कोण देणार? एसएमपीएसच आहे.

सोल्डर_सावंत:
बटण आत तेच करतं तात्या, दोन पिना जोडतं.

गणोबा_नाशिक:
चालू झाला आणि राहिला!! पडदा बराच वेळ काळा होता, मनवा म्हणाल्या तसा, मग बायोस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगचं पान, आलं. बटण खरंच आतल्या प्लॅस्टिकला घासून अडकतंय, कॅबिनेट नवीकोरी असून. आता रोज स्क्रू ड्रायव्हर लावू का?

सोल्डर_सावंत:
रीसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावा, तेही तसंच बटण आहे. कॅबिनेट बदलून मिळेपर्यंत भागेल.

तिरकस_तात्या:
पुढेमागे कार्ड घ्याल तेव्हा ८५० लागेलच.

मिंटवाला:
आता मिंट टाका.

गणोबा_नाशिक:
धन्यवाद सावंत, मनवा. एक राहिलं, बायोसमध्ये रॅमचा वेग ४८०० दाखवतोय. मी ६००० ची घेतली होती. दुकानदाराने गंडवलं का?

मनवा_के:
नाही हो. बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅमचा पूर्ण वेग लावणारी सेटिंग, चालू करा. आधी एकदा नीट चालतोय का ते बघा, मगच.

पेठेतला_पक्या:
कुठून घेतली ते अजून सांगितलं नाहीत.