साक्ष फक्त पास झालेल्यांनीच द्यायची का?

नगरची मावशी:
निकालानंतरच्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्षी होतात: देवाने आपल्यासाठी काय केलं ते पुढे उभं राहून सांगायचं. यंदा एकीने सांगितलं, "प्रभूने मला नीटमध्ये, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, यश दिलं." हालेलूया झालं, पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. माझा भाचा शेवटच्या बाकावर गीतांचं पुस्तक उघडून एकाच पानाकडे बघत बसला होता. त्याचं दुसऱ्यांदा हुकलंय. अभ्यासाच्या टेबलाजवळ भिंतीवर त्याने बायबलमधलं यिर्मया २९:११ चिकटवलं होतं, देवाच्या मनातल्या हिताच्या संकल्पांचं वचन. घरी येऊन ते ओढून काढलं, तर भिंतीचा पोपडाही निघाला. म्हणाला, "मावशी, माझ्यापुरते संकल्प बदलले का?"

ते वचन एका पत्रातलं आहे; यिर्मया संदेष्ट्याने ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान करून नेलेल्यांना लिहिलंय. आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय, म्हणजे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणारच नव्हती. तोवर घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, असं त्यांना सांगितलं. यातून गुणांची हमी कुठून काढली आपण? निकालाच्या साक्षी बंद करा, नाहीतर हुकलेल्यांनाही पुढे बोलवा.

जालनेकर:
ताई, नाही पटलं. माझे आजोबा मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकले, घराण्यात अक्षर ओळखणारे पहिले. आमच्या लोकांनी शिक्षणानेच मान मिळवला. लेकराने रात्रीचा दिवस केला, त्याबद्दल देवाचे आभारही मानायचे नाहीत? मत्तय २५ मधला रुपयांचा दृष्टांत वाचा. धनी चाकरांकडे पैसे सोपवून जातो, आणि परत आल्यावर ते जमिनीत पुरून ठेवणाऱ्यालाच फटकारतो.

नगरची मावशी:
वाचलाय. पाच हजारवाल्याला आणि दोन हजारवाल्याला धन्याने जी शाबासकी दिली, ती दोघांना शब्दशः सारखी आहे. तिथे गुणवत्ता यादी नाही. माझ्या भाच्यानेही काही पुरून ठेवलं नव्हतं हो.

वसईची आई:
मला वेगळंच सलतंय. २०२४ ला नीट ५ मेला, २०२५ ला ४ मेला, दोन्ही रविवार. परीक्षेचा एक दिवस समजू शकते, पण क्लासच्या चाचण्याही दर रविवारी सकाळी! रविवारची उपासना चुकते म्हणून आम्ही शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जाऊ लागलो, पण पोरगी तिथेही घड्याळ बघते. स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल, त्याने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रभूच्या दिवशी, रविवारी, फेरी होती म्हणून १०० मीटर सोडलं. एवढा कणा आपल्यात का नाही?

जालनेकर:
वेळापत्रक त्याला काही महिने आधीच कळलं होतं आणि त्याने ४०० मीटरची कसून तयारी केली. सुवर्णपदक घाम गाळून आलं. आमच्या मुलांना दुसरी शर्यत कोण देणार?

नगरची मावशी:
आणि तो हरला असता तर? आपण त्याची गोष्ट संडे स्कूलमध्ये सांगितली असती का? पुढे तो चीनमध्ये मिशनरी झाला, जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत मुलांना विज्ञान शिकवत राहिला आणि १९४५ मध्ये तिथेच वारला. तो भाग आपण घाईत उरकतो.

रात्रपाळीची सिस्टर:
मी वॉर्डात अशी मुलं बघते. वचनांवर वाद घाला, पण आधी त्याला झोपू द्या. बायबलच्या १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. मुलगा मरणाची भाषा बोलत असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या, आजच. "प्रार्थना कमी पडली" असं त्याच्यासमोर कुणालाही म्हणू देऊ नका. फार खोल लागतं ते.

जालनेकर:
सिस्टरचं मान्य. तरी माझी मुलगी पुढच्या वर्षी साक्ष देणार. तिचा आनंद मी कुणासाठी झाकणार नाही.

नगरची मावशी:
झाकू नका, मी स्वतः आमेन म्हणेन. फक्त तिच्यासारख्यांच्या आधी पुढे कोण उभं राहील, ते मी रविवारी पाळकांना विचारणार आहे. भाचा तयार आहे. तीनच वाक्यं बोलेन म्हणाला.